वहिनींचे नाव संगणकाला का वाचता आले नाही?

वहिनी तिसऱ्यांदा संस्थेच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे बघण्याची आमची हिंमत होईना.

त्यांचे पती आमच्या कामगार पतसंस्थेचे जुने सभासद. वर्कशॉपात फिटर होते. २०२५ च्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचे भाग भांडवल, एक मुदत ठेव आणि सभासद साहाय्य निधी मिळून जी रक्कम निघत होती ती वारसाला द्यायची, एवढेच काम होते. रक्कम फार मोठी नव्हती. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती मोठीच. संस्थेत यायचे म्हणजे त्यांचा दिवसाचा खाडा. असे दोन खाडे आमच्यापायी झाले होते.

कारण काय, तर वारसाच्या रकान्यातले नाव आमच्या संगणकाला वाचता येत नव्हते.

वाचकहो, ही थट्टा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणमधले आमचे तळमजल्यावरचे कार्यालय कमरेभर पाण्यात होते. वारस नोंदवहीचा लगदा झाला. पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पुन्हा माहिती गोळा केली, ती संगणकावर मराठीत टाईप केली आणि संचालक मंडळाने ठराव करून ती यादी मंजूर केली. त्या वेळी घेतलेले सह्यांचे अर्ज पुढे कार्यालय बदलताना कोठे गेले, ते आजवर कळलेले नाही. उरली ती संगणकावरची यादी. ती टाईप करणाऱ्यांत आम्हीही होतो. नुकतेच बी.कॉम. होऊन, एमएस-सीआयटी करून कारकुनीला लागलो होतो. "आता पाणी आले तरी नोंदी जाणार नाहीत," असे आम्ही भर सभेत मोठ्या तोऱ्यात सांगितले होते.

नोंदी गेल्या नाहीत. फक्त वाचता येईनाशा झाल्या. कपाटातल्या सीडीवरून ती फाईल नव्या लॅपटॉपवर उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांचा नुसता बाजार. दरम्यान वहिनींच्या दिरांनीही आपल्या नावाचा अर्ज आणून दिला होता. वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, यांनी माझंच नाव लिहिलं होतं. मी समोर उभी होते."

आम्ही म्हणालो, "वहिनी, पुढच्या सोमवारी या." चिटणीस म्हणून एवढे लाजिरवाणे वाक्य आमच्या तोंडून पूर्वी कधी निघाले नव्हते.

त्या रात्री घरी जेवण गेले नाही. आमची कन्या कॉलेजात शिकते. तिने विचारले, "पप्पा, तुमच्या ऑफिसात संगणक किती आहेत?" आम्ही म्हणालो, पाच. "आणि पाचांवर एकच प्रोग्रॅम आहे का?" याचे उत्तर आम्हाला देता येईना. दुसऱ्या दिवशी ती वही-पेन घेऊन स्वतःच आली.

तिने जी यादी केली ती बघून आम्ही थक्क झालो. रोखपालाच्या टेबलावर विंडोज ७ चा जुना संगणक. त्याला पावत्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला. टायपिंग करणाऱ्या ताईंकडे विंडोज १०. आमच्याकडे लॅपटॉप, त्यातही विंडोज १०. मागच्या खोलीतल्या अभ्यासिकेत मुलांनी उबुंटू घातलेला संगणक. आणि एका सभासदाच्या इंजिनिअर मुलाने भेट दिलेला मॅक. पत्रे लिहायला आणि तक्ते मांडायला प्रत्येकावर वेगळा प्रोग्रॅम. एकावर तर चोरीची प्रत होती. फार वर्षांपूर्वी संगणक जोडणाऱ्याने 'सगळे भरून देतो' म्हणून फुकट घालून दिलेली! दर महिन्याला पै-पैचा हिशोब मागणारी आमची संस्था, आणि तिचे पत्र चोरीच्या प्रोग्रॅमवर टाईप होत होते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

वहिनींचे कोडे मात्र रोखपालाच्या त्या जुन्या संगणकाने सोडवले. ती फाईल त्याच्यावर उघडताच स्वच्छ मराठी दिसू लागले, कारण २००६ मध्ये वापरलेला फॉन्ट त्या एकाच यंत्रावर शिल्लक होता. वारसाच्या रकान्यात वहिनींचे नाव होते, नाते 'पत्नी', हिस्सा पूर्ण. तिसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा आम्ही तो कागद छापून, ठरावाची नक्कल जोडून त्यांच्या हातात ठेवला. दिरांनाही तोच कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि आपला अर्ज परत घेतला.

पण आम्हाला झोप नव्हती. तो संगणक त्या आठवड्यात बंद पडला असता तर?

असे का झाले ते कन्येने आम्हाला समजावले. तेच आम्ही वाचकांना सांगतो, कारण हा प्रकार अनेक मंडळांच्या कपाटात दडलेला आहे. जुन्या मराठी फॉन्टची युक्ती अशी होती की संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवायचा, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी अंगरखा चढवायचा. अंगरखा काढला की आत इंग्रजी. शिवाय प्रत्येक फॉन्टचा अंगरखा वेगळा. गावात माणसाला टोपणनावाने सगळे ओळखतात. शहरात रेशन कार्डावरचेच नाव चालते, तसे हे आहे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. 'क' चा क्रमांक ०९१५. तो कल्याणात तोच आणि जपानातही तोच. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. पण आम्ही २००६ मध्येही टोपणनावानेच नोंदी करत बसलो होतो.

संचालक मंडळाची बैठक बोलावली. आम्ही प्रस्ताव मांडला: पाचही यंत्रांवर एकच ऑफिस प्रोग्रॅम, एकच मराठी फॉन्ट आणि सर्व नोंदी युनिकोडमध्ये. पाच परवाने विकत घ्यायचे की मोफत असलेले लिबरऑफिस घालायचे, यावर चर्चा झाली. लिबरऑफिसला इतिहास आहे. जर्मनीतील एका कंपनीचे स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये घेतले आणि २००० मध्ये त्याचा आतला मजकूर जगासाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस झाले आणि २०१० मध्ये काम करणाऱ्या मंडळींनी वेगळी चूल मांडून लिबरऑफिस सुरू केले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, मराठी मेनूसुद्धा देते आणि कितीही यंत्रांवर घातले तरी कायद्याने चोरी होत नाही. आमच्यासारख्या मिश्र बिऱ्हाडाला हेच सोयीचे.

रोखपाल काका मात्र गप्प होते. शेवटी म्हणाले, "चाललंय ते चालू दे. बिघडलं तर जबाबदार कोण?"

काहींना हसू आले. आम्हाला नाही आले. प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही उत्तर दिले, "जबाबदार आम्ही. पण आधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढू. एक इथे, एक तुमच्या घरी. आणि नवा प्रोग्रॅम घातल्यावर ताळा जमेपर्यंत जुने काही काढणार नाही." काकांनी मान डोलावली. आम्ही बी.कॉम. माणूस, ताळ्याशिवाय आमचाही कशावर विश्वास नाही. जमाखर्चाचे सॉफ्टवेअर वेगळे आहे, त्याला हात लावायचा नाही, हेही ठरले.

डिसेंबर २०२५ मधला एक शनिवार-रविवार या कामाला दिला. कन्या, अभ्यासिकेतली दोन मुले, ताई, काका आणि आम्ही. घरून भाकरी-भाजीचे डबे आले होते.

प्रोग्रॅम घालणे हे यातले सर्वांत सोपे काम निघाले. तीनशे-साडेतीनशे एमबीची फाईल एकदाच उतरवून सामाईक फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे प्रत्येक यंत्रावर पुन्हा डेटा खर्च नको. विंडोजवर आधी यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे हे सेटिंगमध्ये बघायचे, मग त्या जातीची फाईल चालवायची. आपोआप होऊ न देता 'कस्टम' निवडले तर मराठी भाषा तेथेच घेता येते. मॅकवर यंत्र इंटेलचे की अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे हे बघून घ्यावे लागते आणि मराठीची पुरवणी वेगळी घालावी लागते. उबुंटूवर अभ्यासिकेतल्या मुलाने एक ओळ टाईप केली आणि चहा येईपर्यंत प्रोग्रॅम तयार.

अडले ते विंडोज ७ वर. त्या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली लिबरऑफिसची २५.८ ही आवृत्ती तिच्यावर चालतच नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला. लॅपटॉप विंडोज ११ वर फुकट नेता आला. ताईंच्या यंत्राचा प्रोसेसर त्याला चालेना. तेव्हा ताईंच्या आणि काकांच्या अशा दोन्ही यंत्रांवर लिनक्स मिंट घातले. त्यात लिबरऑफिस आधीच असते. आवृत्ती थोडी जुनी होती, पण फायली बिनबोभाट उघडल्या. काकांच्या जुन्या डिस्कवरचे सगळे आधी उतरवून घेतले. तो जुना फॉन्टही घेतला. त्याची रीतसर विकत घेतलेली सीडी कपाटात सापडली. पावत्यांच्या प्रिंटरने मात्र दुपारभर अबोला धरला. शेवटी त्याच्या नावाचा नाद सोडून 'नऊ पिनांचा' असा साधा ड्रायव्हर निवडला, तेव्हा तो कर्रकर्र करत बोलू लागला. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसले.

आता खरे काम सुरू झाले. वार्षिक सभेची नोटीस उघडून बघितली, तर ताईंच्या विंडोजवर पूर्वी एका पानात बसलेली नोटीस मॅकवर दीड पान झाली. कारण विंडोजचा मंगल फॉन्ट तेथे नव्हता आणि त्याने हाताला लागेल तो फॉन्ट लावला. म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला आणि सर्वांना खुला असलेला 'मुक्त' फॉन्ट पाचही यंत्रांवर घातला. लिबरऑफिसमध्ये इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि मराठीसारख्या जोडाक्षरांच्या लिपीचा वेगळा ठरवावा लागतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' चालू करून मराठी निवडायची. हे न केल्याने कितीतरी माणसे 'मराठी नीट येत नाही' म्हणून प्रोग्रॅमला दोष देतात.

मग ताळा. मागील वर्षाची कर्ज हप्त्यांची वही पाचही यंत्रांवर उघडली. पाचही बेरजा रुपया-पैशाने सारख्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "थांबा. पावती पुस्तकाशी लावा." लावले, तर एका सभासदाचे व्याज जुळेना. खोदत गेलो. ५ नोव्हेंबरला भरलेला हप्ता ११ मे चा म्हणून नोंदला गेला होता. ज्या यंत्रावर ती नोंद झाली त्याची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवलेली होती. अमेरिकेत महिना आधी, तारीख नंतर. आपण ५/११ लिहिले की त्याने ११ मे धरले. गंमत अशी की १२ तारखेपर्यंतच ही फसगत होते. १३ तारीख आली की तेरावा महिना नसल्याने यंत्र अडते आणि ती नोंद तारीख न मानता नुसती अक्षरे म्हणून ठेवते. त्यामुळे अर्ध्या नोंदी ठीक दिसतात आणि चूक लपून राहते. पाचही यंत्रे एकमुखाने खोटे बोलत होती; खरे बोलले ते काकांचे पावती पुस्तक. अशा आणखी चार नोंदी निघाल्या. सर्व यंत्रांवर भाषा 'इंग्रजी (भारत)' केली. त्याने तारीख आपल्या रीतीने येते आणि आकड्यातले स्वल्पविरामही लाख-कोटीच्या रीतीने पडतात. ज्या सभासदांकडून व्याज जास्त घेतले गेले होते त्यांच्या खात्यात ते जमा केले आणि तसे पत्र दिले.

आणखी एक धडा सामाईक फोल्डरचा. एकाने फाईल उघडली की लिबरऑफिस शेजारी एक लहानशी लपलेली कुलपाची फाईल ठेवते. दुसऱ्याने तीच उघडली तर 'अमुक यंत्रावर चालू आहे, फक्त वाचा' असा निरोप येतो. हे चांगलेच आहे. पण वीज गेली तर कुलूप तसेच राहते आणि कोणी नसताना दार बंद! तेव्हा सगळ्यांना विचारून, खात्री करून मगच ते काढावे. ताईंनी हा नियम स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीला लावला.

ताईंचा विषय निघाला म्हणून सांगतो. या सगळ्यात सर्वांत जास्त किंमत त्यांनी मोजली. मराठी टाईपरायटरवर त्यांनी तरुणपणी परीक्षा दिली. बोटांना रेमिंग्टनची सवय. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पहिल्या दिवशी चार ओळींचे पत्र लिहायला त्यांना पाऊण तास लागला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊ, मी अडाणी झाले का एका दिवसात?" कन्येने कळांवर मराठी अक्षरे चिकटवली आणि समजावले, "ताई, क दाबला की क, शिफ्ट धरून दाबला की ख. ग चा घ, त चा थ, तसंच. बाराखडीच आहे." आम्ही ठरवले, दोन महिने ताईंच्या कामाची मोजदाद करायची नाही. फेब्रुवारीत त्यांचा वेग पूर्वीच्या जवळ आला. शिकणाऱ्याला वेळ न देता नवे यंत्र पुढे ठेवणे हा अन्याय आहे, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

मोठमोठ्या कचेऱ्यांचेही असेच होते. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१७ मध्ये परत फिरायचे ठरवले. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचे जाहीर केले. आपल्या केरळात सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. विकतचा प्रोग्रॅम वाईट आणि मोफत चांगला, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांच्या तक्त्यांत एक्सेलचे अवघड मॅक्रो आहेत त्यांचे काम लिबरऑफिसमध्ये अडू शकते. त्यांनी रीतसर परवाना घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की नोंद ज्याची आहे त्याला ती कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही वर्षी वाचता आली पाहिजे.

शेवटी वारस यादी. फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने ती युनिकोडमध्ये आणली. पण रफार भलत्या अक्षरावर गेले, ऱ्हस्व वेलांट्या पुढे-मागे झाल्या. नावातला एक रफार हलला तर माणूस बदलतो. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सभासदांना बोलावले. एकेक नोंद मोठ्याने वाचली. ज्याची त्याने ऐकली, दुरुस्त केली, आणि छापील कागदावर सही केली. आता तिच्या तीन प्रती आहेत: एक लिबरऑफिसची, एक पीडीएफ आणि एक सह्यांची कागदी, माळ्यावरच्या पेटीत. पाणी आले तरी कागद आहे, कागद गेला तरी फाईल आहे.

त्या सभेला वहिनीही आल्या होत्या. मिळालेल्या पैशांतून भाग घेऊन त्या स्वतः सभासद झाल्या. वारसाच्या रकान्यात त्यांनी मुलीचे नाव सांगितले. ताईंनी नव्या कळफलकावर, सावकाश, एकेक अक्षर शोधत ते टाईप केले. वहिनी म्हणाल्या, "आता दुसऱ्या मशीनवर दाखवा." आम्ही लॅपटॉपवर उघडून दाखवले. मग अभ्यासिकेतल्या संगणकावर. मग मॅकवर. पाचही ठिकाणी बघून झाल्यावर त्यांनी सही केली.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतल्या मंडळाची, बचत गटाची, पतसंस्थेची एक जुनी मराठी फाईल या रविवारी दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून बघा. वाचता आली तर उत्तम. नाही आली, तर ज्या जुन्या यंत्रावर ती अजून वाचता येते ते यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. त्यात कोणाचे तरी नाव आहे.